शंभर बटणांचं वजन

६ सप्टेंबर

बटणांच्या कंपनीने जानेवारीत दिलेली ही डायरी आजवर डगमगत्या स्टुलाच्या पायाखाली होती. आज काढली, म्हणून स्टूल पुन्हा डगमगतंय आणि अक्षर असं येतंय.

लिहायला बसले कारण घरात बोलायला कोणी नाही. तशी माणसं दोन आहेत. एक ऐकत नाही, एक बोलत नाही. न ऐकणारे म्हणजे हे. लिफ्ट दुरुस्त करतात. रोज कोणी ना कोणी दोन मजल्यांच्या मधे अडकलेलं असतं, त्यांची बोलणी ऐकून घरी येतात तेव्हा कान भरलेले असतात. न बोलणारी म्हणजे ह्यांची लेक. वय सतरा. तिची आई जाऊन सहा वर्षं झाली आणि मी लग्न होऊन त्या घरात जाऊन आठ महिने. आठ महिन्यांत ती माझ्याशी किती शब्द बोलली ते मी मोजून सांगेन, मोजणं हा माझा धंदाच आहे. "हो", "नको", "जेवले", "ठेवा तिथे". मनातल्या मनात मी तिला कुलूप म्हणते. रागाने नाही. दुकानाच्या कुलपावरही माझा जीव आहे, फक्त त्याची किल्ली माझ्याकडे आहे.

आज कुलपाची गुणपत्रिका आली. रसायनशास्त्रात पन्नासपैकी नऊ. ह्यांनी ती फोनवर वन्संना वाचून दाखवली. वन्सं म्हणजे ह्यांची मोठी बहीण. त्या कधी आवाज चढवत नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायला जागाच सापडत नाही. म्हणाल्या, "ऑक्टोबरच्या चाचणीत पास झाली तर ठीक. नाहीतर पोरीला मी माझ्याकडे घेऊन येते. इथे तिला वेगळी खोली आहे, शिकवणी शेजारीच आहे. पुढचं वर्ष शेवटचं आहे." हे म्हणाले, "बघू." कुलूप म्हणालं, "बरं."

पास व्हायला अठरा लागतात. नवाचे दुप्पट.

खरं लिहायचं तर मला हलकं वाटायला हवं होतं. सतरा वर्षांची परकी पोर स्वतःहून दुसऱ्या गावी जाते आहे, घर माझं एकटीचं होणार. पण हलकं वाटलं नाही. का, ते मला सांगता येणार नाही. मी बटणं विकते.

८ सप्टेंबर

कुलपाने रसायनाचं पुस्तक वर्तमानपत्रांच्या रद्दीवर ठेवलं होतं. मी ते पिशवीत घालून दुकानात आणलं. माझं शिक्षण दहावीपर्यंत, नंतर मामाने या दुकानात बसवलं ते अजून बसलेलीच आहे. पण वाचता येतं आणि गिऱ्हाइकं दुपारी दोन ते चार फिरकत नाहीत.

धडा पहिला, अणूची रचना. मधोमध केंद्रक. त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, आणि बाहेर इलेक्ट्रॉन फिरतात. सगळं वजन मधल्या एवढ्याशा ठिपक्यात, बाकी नुसती मोकळी जागा. हे वाचून मी दुकानाकडे पाहिलं. माझ्याकडे मोकळी जागा नाही. भिंतीला लाकडी खण, खणांत बटणं, बटणांवर धूळ. अणू माझ्यापेक्षा ऐसपैस राहतो.

पेन्सिलीने खुणा केल्या. नंतर पुसून टाकीन.

११ सप्टेंबर

एक चमत्कार झाला. घरचा पंखा बंद पडला. ह्यांना सत्तावीस मजल्यांची लिफ्ट दुरुस्त करता येते, पण घरचा पंखा बघायला तीन आठवडे लागणार. म्हणून कुलूप शाळा सुटल्यावर दुकानात आलं. "इथे पंखा आहे," एवढंच बोलून डगमगत्या स्टुलावर बसलं.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "प्रोटॉन किती ते कशावरून कळतं गं?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू शिवणयंत्र बोललं. म्हणाली, "अणुअंकावरून." मग थोड्या वेळाने, "तुम्हाला कशाला हवंय?"

मी म्हटलं, "गिऱ्हाइकं विचारतात."

१४ सप्टेंबर

आज मी समस्थानिकं शिकवली. इतकी छान शिकवली की मलाच आश्चर्य वाटलं. म्हटलं, बघ, मूलद्रव्य एकच, पण काही अणूंत इलेक्ट्रॉन कमी आणि काहींत जास्त. त्यांना समस्थानिकं म्हणायचं. हातवारेही केले. ती मान डोलावत होती. शिकवणं काही फार अवघड नसतं, उगीच मास्तर लोक बाऊ करतात.

१६ सप्टेंबर

तोंड दाखवायला जागा नाही. समस्थानिकांत इलेक्ट्रॉन कमीजास्त नसतात, न्यूट्रॉन कमीजास्त असतात. इलेक्ट्रॉन कमीजास्त झाले तर तो आयन. पान बावीस. मी दोन ओळी एकदम वाचल्या होत्या.

ती आल्या आल्या कबूल करून टाकलं. तशीही चुकीची बटणं दिली तर मी दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या मागे जाऊन बदलून देते.

ती म्हणाली, "मला वाटलंच."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतकं रंगून सांगत होता."

हे तिचं माझ्याशी आजवरचं सर्वात लांब वाक्य. पाच शब्द. आणि त्यात मी चुकले होते.

२० सप्टेंबर

आयनीभवन ऊर्जा. अणूचा एक इलेक्ट्रॉन उपटून काढायला किती जोर लागतो ते. मॅग्नेशियमचा पहिला काढायला सातशे अडतीस, दुसरा काढायला चौदाशे एक्कावन्न, आणि तिसरा काढायला सात हजार सातशे तेहेतीस. पुस्तकात नुसते आकडे दिलेत आणि खाली "यावरून काय निष्कर्ष निघतो?" असं विचारलंय. जोर लावून लावून हात दुखतील, हा निष्कर्ष.

पण मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी खुंटीवरचा जुना कोट काढला. त्याला बाहेर दोन बटणं आहेत. म्हटलं, "हे एक उपट." तिने उपटलं. "दुसरं उपट." ते जरा घट्ट होतं, पण निघालं. "आता तिसरं."

"तिसरं कुठंय?"

"आतल्या बंडीला. कोट काढल्याशिवाय हात पोचायचा नाही. म्हणून तिसऱ्याचा आकडा एकदम उडी मारतो. उडी दोनानंतर आली, म्हणजे बाहेर दोनच होते. म्हणून मॅग्नेशियम दुसऱ्या गणात."

कुलूप हसलं. आवाज करून हसलं, दात दिसले. तिच्या एका दाताचा कोपरा तुटलेला आहे हे मला आठ महिन्यांत माहीत नव्हतं.

नंतर विचारते, "हा कोट कोणाचा?" कोट ह्यांचा. दोन्ही बटणं परत लावून मगच घरी गेलो. तिने एक लावलं, मी एक.

२७ सप्टेंबर

मोठं काम आलं. टेलरमास्तरांना शाळेच्या गणवेशाचे सातशे शर्ट शिवायचेत. शर्टाला सात बटणं, म्हणजे चार हजार नऊशे पांढरी चारभोकी. कोण मोजत बसणार? आमच्या धंद्यात मोजत नाहीत, तोलतात. नव्या मालातली शंभर मोजून काट्यावर टाकली, भरली पस्तीस ग्रॅम. म्हणजे चार हजार नऊशे बटणांना एक हजार सातशे पंधरा ग्रॅम. खणातून फावड्याने काढली, तोलली, पिशवी शिवली. दहा मिनिटांत काम. मामा म्हणायचा, बोटं चुकतील, काटा चुकणार नाही. तेवीस वर्षांत एकदाही चुकलेला नाही.

घरचा पंखा ह्यांनी आज दुरुस्त केला. आता ती येणं बंद करील. बरंच झालं, मलाही दुपारी जरा पडता येईल.

२९ सप्टेंबर

ती आली. म्हणाली, घरचा पंखा आवाज करतो. मी रात्रीचं जेवण करताना मुद्दाम त्याखाली उभी राहिले. मला काही ऐकू आलं नाही. तरुण कान असतात, त्यांना जास्त ऐकू येत असेल.

३ ऑक्टोबर

टेलरमास्तर दुकानात आले ते न बसता उभेच राहिले. बसले नाहीत म्हणजे भांडायला आले.

"बाई, चोवीस शर्ट बिनबटणांचे राहिलेत. आणि पंचविसाव्याला गळ्याचं एक नाही."

मी मनात हिशेब केला. चोवीस साते एकशे अडुसष्ट आणि एक. एकशे एकोणसत्तर बटणं कमी. मी म्हटलं, सांडली असतील. ते म्हणाले, "माझ्याकडे बटण सांडलं तर बायको वाकून शोधते आणि मग मला वाकवते. सांडलेली नाहीत."

काटा तपासला. काटा बरोबर. माझी बोटं तपासली, दहा आहेत. मास्तरांना एकशे एकोणसत्तर बटणं हाताने मोजून दिली, वर दहा दिली. ते गेले. मी तशीच बसून राहिले. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. मामा असता तर काही बोलला नसता, नुसता चष्मा पुसत बसला असता, आणि ते मला सहन झालं नसतं.

कुलूप सगळं ऐकत होतं. जाताना म्हणालं, "काटा बरोबर आहे, तुम्ही बरोबर आहात, मग बटणांतच काहीतरी असेल."

बटणांत काय असणार? बटणं आहेत ती.

४ ऑक्टोबर

सापडलं. यावेळी अक्षर स्टुलामुळे नाही, घाईमुळे वाकडं येतंय.

सकाळी त्याच खणातली शंभर बटणं वेगवेगळ्या कोपऱ्यांतून उचलून तोलली. छत्तीस आणि वर थोडं. पुन्हा उचलली, पुन्हा तेच. पस्तीस नाही. मग आठवलं. नव्या कारखान्याच्या तीन थैल्या मी ज्या खणात ओतल्या, त्यात जुन्या कारखान्याची एक थैली आधीच होती. रंग तोच, आकार तोच, भोकं चार. पण जुनं बटण जड प्लास्टिकचं. जुनी शंभर उलटून पालटून, नख मारून, कडेवरून ओळखून वेगळी काढली, दोन तास लागले. भरली चाळीस ग्रॅम.

तीन भाग पस्तीसवाली, एक भाग चाळीसवाली. सरासरी सव्वाछत्तीस. आणि माझ्या खणात सव्वाछत्तीसच्या हिशेबातलं बटण एकही नाही. एकही. आणि मला पुस्तकातलं पान तेवीस आठवलं. क्लोरीनचं वजन साडेपस्तीस लिहिलंय, आणि मी तिथे पेन्सिलीने लिहिलं होतं, "अर्धा न्यूट्रॉन कुठून आणला?" अर्धा कोणी आणलेला नाही. काही क्लोरीन पस्तीसचे, काही सदतीसचे, तिनास एक. साडेपस्तीसचा कोणीच नाही. तो नुसता सगळ्यांचा मिळून हिशेब.

ती यायची वाट बघत दारात उभी राहिले. साडेतीनपासून. शाळा सुटते साडेचारला.

ती आल्यावर दप्तरही खाली ठेवू दिलं नाही. दोन बटणं तिच्या तळहातावर ठेवली. "ओळख, यातलं जड कुठलं?" तिला सांगता येईना. मी म्हटलं, "काजालाही सांगता येत नाही. काज बघतं ते बाहेरचं. बाहेरून दोन्ही सारखी, म्हणून दोन्ही शर्टाला चालतात. फरक सगळा आत. ही समस्थानिकं."

तिने दोन्ही बटणं मुठीत धरली. मग म्हणाली, "सरांनी तीन तास घेतले यावर." तिच्या सरांना पोरं पिपेट म्हणतात, कारण ते उंच, बारीक आणि खाली टोकदार आहेत.

त्या दोन बटणांचं पुढे काय झालं माहीत नाही. खणात परत आली नाहीत.

७ ऑक्टोबर

मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं यंत्र आहे. अणूचा एक इलेक्ट्रॉन उडवायचा, म्हणजे तो आयन होतो. मग त्याला जोराने ढकलायचं आणि वाटेत चुंबक ठेवायचा. हलके जास्त वळतात, जड कमी वळतात. कुठे किती जाऊन पडले ते मोजायचं. वाचल्याबरोबर मला वाटलं, हे तर पाखडणं झालं. तिला म्हटलं, आपण करू. चुंबकाऐवजी पंखा.

पहिला प्रयोग चारभोक्यांवर केला. टेबलपंखा मोठ्यावर, वरून फावडंभर बटणं सोडली. बटण चपटं असतं, हे मला तेवीस वर्षं माहीत आहे, पण त्या क्षणी आठवलं नाही. काही आडवी पडली, काही उभी, काही गरगरत रस्त्यावर गेली. चेन घ्यायला आलेल्या एका बाईंच्या पर्समध्ये दोन गेली. त्या म्हणाल्या, "हे काय चाललंय?" कुलूप गंभीर चेहऱ्याने म्हणालं, "वस्तुमानाचं विश्लेषण."

मग तिनेच युक्ती काढली. भरतकामाचे मोती. एकाच आकाराचे पांढरे, प्लास्टिकचे पोकळ आणि काचेचे भरीव. गोल असल्याने ते गिरक्या घेत नाहीत. कापडाच्या ताग्यातलं पुठ्ठ्याचं नळकांडं उभं चिरून घसरगुंडी केली, शेवटी पंखा, खाली खणांचा डबा. तीस प्लास्टिकचे आणि दहा काचेचे एकत्र करून एकेक सोडले. काचेचे जवळच्या खणात टपटप पडायला लागले आणि प्लास्टिकचे लांबच्या खणात. लांबच्या खणात अठ्ठावीस, जवळच्यात नऊ. तीन अजून सापडलेले नाहीत.

तिने बिलबुकाच्या मागे दोन उभ्या रेघा काढल्या, एक उंच, एक बुटकी, आणि खाली लिहिलं "आमचा क्लोरीन". टाचणीने भिंतीवर लावलं. मी म्हटलं, गिऱ्हाइकांना वाटेल धंदा खाली चाललाय. पण राहू दिलंय.

१२ ऑक्टोबर

मला काळजी वाटायला लागली आहे. आज येऊन म्हणते, "समस्थानिकं म्हणजे काय, परत सांगा ना."

अहो, आठ दिवसांपूर्वी हातावर बटणं ठेवून सांगितलं. भिंतीवर चित्र आहे. पुन्हा सगळं सांगितलं, काज, थैल्या, सव्वाछत्तीस. हनुवटी टेकवून ऐकत होती. मास्तरांच्या बायकोचा भाग आला तेव्हा ती माझ्याबरोबर बोललीसुद्धा, "सांडलं तर वाकून शोधते." म्हणजे गोष्ट पाठ आहे आणि रसायन नाही. चाचणीला सोळा दिवस उरलेत.

१६ ऑक्टोबर

आज पालकसभा होती. हे एका रुग्णालयाच्या लिफ्टमध्ये अडकले, म्हणजे लिफ्टच्या कामात, म्हणून मी गेले. पिपेट सरांनी विचारलं, "आपण कोण?" मी म्हटलं, "तिच्या वडिलांची बायको." ते म्हणाले, "अच्छा, म्हणजे बटणांचं दुकान तुमचं." मला अवघडल्यासारखं झालं. पोरीने दुकानाच्या गोष्टी शाळेत कशाला सांगायच्या?

पुढे जे त्यांनी दाखवलं त्याने मी थंडच पडले. नऊ तारखेला त्यांनी अचानक छोटी परीक्षा घेतली होती. विषय समस्थानिकं. कुलपाला दहापैकी दहा.

नऊ तारखेला दहापैकी दहा. आणि बारा तारखेला मला विचारते, समस्थानिकं म्हणजे काय.

याचा एकच अर्थ होतो. लिहिण्याचं धाडस होत नाही, पण डायरीत नाही लिहायचं तर कुठे. पोरीने कॉपी केली. शेजारच्या मुलीचं बघून लिहिलं असणार. वन्संकडे जायची भीती म्हणावी, तर तिला जायचं नाही असं ती कधी बोललेली नाही. ह्यांना सांगितलं नाही. चाचणीत पकडली गेली तर वन्सं त्याच दिवशी घेऊन जातील, आणि कोणत्या तोंडाने अडवणार?

१७ ऑक्टोबर

खात्री करून घ्यायची म्हणून आज बटणं निवडता निवडता विचारलं, "क्लोरीन साडेपस्तीस का गं?"

ती म्हणाली, "आठवत नाही. सांगा ना."

माझं मन खट्टू झालं. पण रागावले नाही. रागावून कुलूप उघडत नाही, फक्त किल्ली वाकडी होते. चुकलेलं धरून चौथ्यांदा, पहिल्यापासून सांगितलं. शेवटी एवढंच म्हटलं, "हे बघ, कमी पडले तरी चालतील. पण जे लिहिशील ते स्वतःचं लिही."

मला काय म्हणायचंय ते तिला कळलं नसावं. म्हणाली, "स्वतःचंच तर लिहिते. तुमचं थोडं असतं."

थोडं माझं म्हणजे काय? माझं बघून तर तिने लिहिलेलं नाही, मी वर्गात नसते.

२२ ऑक्टोबर

वन्संचा फोन. खोलीला नवा पडदा लावला, टेबलाजवळ दिवा बसवला. चांगल्या आहेत हो त्या. कुलूप लहान असताना आईच्या आजारपणात दोन महिने त्यांच्याचकडे राहिलं होतं. त्यांचा हक्क माझ्यापेक्षा मोठा आहे, हे मला कळतं. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण चार डबे धुतले.

हे म्हणाले, "तुला ती जायला नकोय का?" मी म्हटलं, "माझं काय, पोरीचं भलं झालं पाहिजे." ते म्हणाले, "मी तुला विचारलं, भल्याला नाही." न ऐकणारा माणूस कधी कधी नको तिथे ऐकतो.

नकोय. लिहून ठेवते. मला ती जायला नकोय.

२८ ऑक्टोबर

चाचणी झाली. मी दिवसभरात एका गिऱ्हाइकाला निळ्याऐवजी हिरवा दोरा दिला, दुसऱ्याला कंगव्याऐवजी चेन. संध्याकाळी ती आली, स्टुलावर बसली. कसा गेला पेपर, तर "बरा". शेवटच्या प्रश्नात एका मूलद्रव्याच्या चार आयनीभवन ऊर्जा दिल्या होत्या. पाचशे अठ्ठ्याहत्तर, अठराशे सतरा, दोन हजार सातशे पंचेचाळीस, अकरा हजार पाचशे सत्त्याहत्तर. गण ओळखा.

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच मी म्हणाले, "तीन बटणांचा कोट. तेरावा गण."

ती म्हणाली, "मीही तेरावाच लिहिलं."

चला, दोन गुण तरी आले. अजून सोळा हवेत.

४ नोव्हेंबर

आज सगळं एकाच दिवशी झालं, क्रमाने लिहिते.

वन्सं सकाळीच आल्या. येताना मोठी रिकामी बॅग आणली. दिवाणावर उघडून ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, "निकाल काय लागायचा तो लागो, आपण तयार असावं."

दुपारी मीच शाळेत गेले. माझ्याने थांबवेना. पिपेट सरांनी पेपर पुढे ठेवला. पन्नासपैकी एकेचाळीस. मी आकडा उलटा तर धरलेला नाही ना, म्हणून कागद फिरवून बघितला. समस्थानिकांच्या प्रश्नाला आठपैकी आठ. उत्तरात चक्क माझी बटणं, काजासकट. मला राहवलं नाही. विचारलं, "सर, ती बसली कुठे होती?"

"माझ्या टेबलासमोर, पहिल्या बाकावर. एकटी. का?"

"नाही, सहज."

जीव भांड्यात पडला. पोरीने कॉपी केली नाही. मी तिच्यावर संशय घेतला याची इतकी शरम वाटली की येताना तिच्यासाठी चांगलं पेन घेतलं. पण मग ते परत परत विचारणं कशासाठी, हे कोडं काही सुटेना. विसरभोळी असेल. परीक्षेपुरतं आठवत असेल.

घरी सगळ्यांसमोर गुण सांगितले. ह्यांनी पेपर दोनदा वाचला. वन्संनी पोरीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "छान झालं. आता तर तू माझ्याकडे यायलाच हवंस. इथे एकेचाळीस, तर तिथल्या शिकवणीने अठ्ठेचाळीस कुठे गेले?"

मी भिंतीकडे बघत होते. अठ्ठेचाळीस माझ्याच्याने व्हायचे नाहीत. मी म्हटलं, "तिचं ज्यात भलं असेल ते." आवाज मला हवा तसा आला नाही.

तेव्हा कुलूप बोललं. बॅगेकडे न बघता, अगदी सरळ.

"आत्या, मला नाही येता येणार. माझं समस्थानिकांचं अजून कच्चं आहे."

"आठपैकी आठ, आणि कच्चं?"

"हो. हिने चार वेळा सांगितलं, तरी राहत नाही डोक्यात. अजून बरेचदा सांगावं लागेल हिला. वर्षभर लागेल. नंतरही लागेल."

हे एकदम खोकायला लागले आणि खिडकीकडे गेले. वन्सं पोरीकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या आणि दिवाणावरची बॅग स्वतःच्या हाताने बंद केली. म्हणाल्या, "असं आहे होय. मग इथेच रहा बाई. कच्चं ठेवून येऊ नये." निघताना दारात त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "नीट शिकव हो तिला," म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं. इतक्या मंद विद्यार्थिनीशी गाठ पडली म्हणून त्यांना माझी दया आली असावी.

मला कुठे तोंड लपवू असं झालं होतं. चार वेळा शिकवलं आणि पोर सगळ्यांदेखत म्हणते राहत नाही डोक्यात. ह्यांना म्हटलं, "हसताय काय? यात हसण्यासारखं काय आहे?" ते नुसते डोळे पुसत होते.

पण राहिली. ती राहिली. एवढं मात्र मला कळलं, आणि तेवढ्याने मी दुकानापर्यंतचा रस्ता कसा चालत गेले ते आठवत नाही.

आता संध्याकाळचे साडेपाच वाजलेत. ती समोर स्टुलावर बसली आहे, नवीन पेन उघडून बघते आहे, आणि स्टूल डगमगतंय म्हणून तिला नीट लिहिता येत नाही. त्याच्या पायाखाली या डायरीइतकी बरोबर जाडी दुसऱ्या कशाची नाही, मी सगळं लावून पाहिलं. तेव्हा ही आता परत खाली जाईल. मलाही वेळ नाही. खणातून एक पस्तीसवालं आणि एक चाळीसवालं बटण काढून ठेवलंय. पाचव्यांदा, पहिल्यापासून.